मागे कोणी नाही

१

"गुदगुल्या होतात," असं म्हणून बाबांनी पट्टी कानामागून ओढून काढली आणि जेवणाच्या टेबलावर, मेलेल्या पालीसारखी, ताटाशेजारी टाकून दिली.

ठिणगीनं डोळे मिटून घेतले. बातम्या अजून अर्ध्याही झाल्या नव्हत्या.

ठिणगी हे काही तिचं खरं नाव नव्हे. कुठल्याही मीटिंगमध्ये सगळ्यात आधी ती पेट घेते, म्हणून ऑफिसातल्यांनी ते ठेवलं होतं. बाबांना ते कुठून तरी कळलं आणि इतकं आवडलं, की तेव्हापासून घरातही तेच चालू झालं.

"गुदगुल्या म्हणजे नेमकं काय होतं, बाबा?"

"काय?"

"नेमकं! काय! होतं!"

"ओरडतेस कशाला? बातम्या देणाऱ्या बाईचं ठीक आहे. पण तो जाड आवाजाचा माणूस आला की कवटीत भुंगा शिरल्यासारखं होतं. हनुवटीपर्यंत मुंग्या चालतात. जेवू का खाजवू?"

"थोडी सवय करा ना."

"काय?"

ती उठली आणि टीव्ही बंद केला. तिला राग बाबांचा येत नव्हता. म्हणजे येत होता, पण तो मुळात पट्टीचा होता, आणि पट्टी तिनंच बनवली होती.

बाबा शाळेत कवायतीचे मास्तर होते. मैदानाच्या एका टोकाला उभं राहून, शिट्टीला हातही न लावता, दुसऱ्या टोकाच्या पोराला जागच्या जागी थांबवणारा आवाज. पण कान सतत वाहत राहिले आणि दोन्ही पडदे गेले. ऑपरेशन झालं, टिकलं नाही. ओल्या कानात साधं मशीन घालता येत नाही, डॉक्टर नको म्हणतात. आतला कान मात्र ठणठणीत. म्हणजे आवाज हाडातून पोचवायचा, एवढी एकच वाट शिल्लक. कानाच्या मागच्या हाडावर एक छोटं पॅड बसतं, ते थरथरतं, ती थरथर कवटीतून थेट आत जाते. ठिणगीनं ही नोकरी धरली ती याचसाठी. जास्त पगाराची दुसरी नोकरी नाकारली, तेव्हा मैत्रिणींनी तिला वेड्यात काढलं होतं.

आणि बाबा ती पट्टी एका जेवणापुरतीही घालत नव्हते. हल्ली त्यांनी विचारणंच सोडलं होतं. कोणी काही बोललं की मान हलवून "हो हो" म्हणायचे, आणि ते बहुतेक वेळा चुकीच्या जागी पडायचं. मैदान थांबवणाऱ्या माणसाचं ते "हो हो" तिला ऐकवत नसे.

"हो हो," बाबा म्हणाले. ती काहीच बोलली नव्हती.

२

ऑफिस म्हणजे एका जुन्या गोदामाचा वरचा मजला. खिडक्या उंच, जिना लोखंडी, कोणीही आलं गेलं की सगळ्यांना कळायचं. मधोमध टेस्टिंगचं बाक आणि बाकावर मामा.

मामा म्हणजे एक डोकं. आत कडक कवटी, वर कातडीसारखं रबर, नाक, ओठ, अर्धवट मिटलेले डोळे. नवी पट्टी आधी मामाला चढवायची, मग माणसांना. मामा कधी गुदगुल्या होतात म्हणत नसे, म्हणून अख्ख्या ऑफिसात ठिणगीला तोच सगळ्यात समजूतदार वाटायचा.

"पुन्हा काढली?" पानानं विचारलं. पाना म्हणजे बाकावरची यंत्रं सांभाळणारा. त्याच्या खिशात कायम एक पाना असायचा आणि तो कुठल्या नटाचा आहे हे त्यालाही माहीत नव्हतं.

"बातम्या संपायच्या आत काढली."

"मग खर्ज कापून टाक."

"कापला की आवाज डब्यातून आल्यासारखा येतो. ठेवला की गुदगुल्या होतात. कापा की ठेवा! गेले कित्येक महिने माझं आयुष्य म्हणजे एवढंच झालंय. आणि साहेब रोज विचारतात, कम्फर्टचं काय झालं. जसं काही तो मी घरी विसरून आलेय."

त्याच दुपारी तिला युक्ती सुचली. पॅड जसं हाडाला हलवतं, तसं हाडानं पॅडला हलवलं तर तेही मोजता येतं. म्हणजे पट्टी ऐकवता ऐकवता ऐकूही शकते. मग डोकं स्वतःहून काय करतं ते आधी ऐकू या की! आपला आवाज कशाशी भांडतो, म्हणून मुंग्या येतात, ते तरी कळेल.

माणसं गोळा केली. खालचे टाइल्सवाले, समोरच्या सलूनमधला कारागीर, सामान पोचवायला येणारी मुलं, ऑफिसातले सगळे. एकेकाला गादीच्या खोलीत बसवलं. ही खोली चारी बाजूंनी जाड फोमची. आत गेलं की स्वतःच्या शर्टाचा आवाज येतो. काही वाजवायचं नाही, बोलायचं नाही, नुसतं बसायचं.

डोकी भलतीच गजबजलेली निघाली. नाडी, गिळणं, दातावर दात, श्वास. प्रत्येकाचं वेगळं. पण सगळ्यांची सरासरी काढल्यावर तळाशी एक गोष्ट उरली जी प्रत्येक डोक्यात सारखीच होती: अगदी खालच्या सुरातली, संथ, भरत जाणारी आणि ओसरणारी. कानाला ऐकू येण्याच्या जरा खाली. स्क्रीनवर ती लाट बघताना ठिणगीला वाटलं, कोणीतरी दारापाशी येऊन उभं आहे आणि आत यावं की नाही ते ठरत नाहीये. मग तिला स्वतःचाच राग आला. रक्ताचा प्रवाह असणार, दुसरं काय?

तिनं तीच लाट उलटी करून पट्टीतून पाठवली. दोन्ही एकमेकींना खाऊन टाकतील असा हिशेब. तसंच झालं. आणि गुदगुल्या गेल्या. कोणाच्याच उरल्या नाहीत. जाड आवाज, ढोल, ट्रकचं इंजिन, काहीही वाजवा.

सलूनचा कारागीर पट्टी काढून जायला निघाला आणि दारातून मागे वळला. "ताई, एक सांगायचं राहिलं. ही लावली की मागे कोणी नाही असं वाटतं."

"गादीच्या खोलीत तुमच्या मागे कोणी नव्हतंच."

"हो ना, नव्हतंच," तो म्हणाला. जरा खजील झाला. "पण एरवी नाही असं वाटत नाही ना."

टाइल्सच्या दुकानातल्या बाईंनीही, हातातलं बिल पंख्यासारखं हलवत, तेच सांगितलं. "मागे मोकळं वाटतं बाई."

"यांना कम्फर्ट विचारा," ठिणगी पानाला म्हणाली, "की हे कविता करतात."

३

बाबांनी नवी पट्टी घातली ती काढलीच नाही.

सकाळी ती उठली तेव्हा ते स्वयंपाकघरात नळापाशी उभे होते. "हा नळ गळतो," ते म्हणाले. "किती दिवस गळतोय?"

"दोन वर्षं."

"सांगायचं नाही का मग!" आणि त्यांनी स्वतः वायसर बदलला. मग जुन्या मुख्याध्यापकांना फोन लावला आणि इतका वेळ बोलले की फोन तापला. तिला त्यांचं हसणं बाहेर ऐकू येत होतं. तिला रडू आलं, आणि रडू आलं म्हणून चीडही आली, कारण ऑफिसला उशीर होत होता.

"डोक्यावर काही असल्यासारखं वाटत नाही," ते म्हणाले. "खरं सांगू का? डोक्यावरचं काहीतरी उतरल्यासारखं वाटतं."

"गुदगुल्या?"

"नाव नाही."

संध्याकाळी दोघं जेवायला बसली. ती साहेबांची नक्कल करून दाखवत होती आणि बाबा हसत होते. पण बघत होते ते तिच्याकडे नाही. तिच्या खांद्यावरून, जरासं वर.

"बाबा, मी इकडे आहे."

"हो, दिसतेस की."

"मग तिकडे काय बघताय?"

"काही नाही," ते म्हणाले आणि ताटाकडे बघू लागले. थोड्या वेळानं पुन्हा नजर वर, खांद्यावरून. इतकी वर्षं ओठ वाचायची सवय, आता गरज नाही, म्हणून नजर भटकत असेल. तिनं स्वतःला समजावलं आणि मान चोळली. आज दिवसभर मानेवर ओझं होतं. उशीच बदलायला हवी.

४

चूक सापडली ती तिच्या स्वतःच्या शिस्तीमुळे. साहेबांना दाखवायच्या आधी सगळ्या नोंदी पुन्हा चाळाव्यात म्हणून ती बसली आणि पहिलीच नोंद बघून तिनं कपाळावर हात मारला.

"पाना! मामा आत आहे!"

"कुठे आत? हा काय बसलाय."

"सरासरीत आहे! माणसांच्या आधी पट्टी नीट बसते का ते बघायला मामावर एक नोंद घेतो ना आपण, ती त्याच फोल्डरमध्ये गेली. माझ्या प्रोग्रामनं मामालाही माणूस धरलं."

"धरू दे. त्यानं कधी तक्रार केलीय?"

"अरे गाढवा, त्याच्यात रक्त नाही! रिकाम्या डोक्यानं सरासरी बिघडली असणार. सगळं पुन्हा करावं लागणार."

तिनं चरफडत मामाची नोंद काढून टाकली आणि सरासरी पुन्हा काढली. लाट तीच आली. रेघेवर रेघ. हे ठीक नव्हतं. मामात ती लाट नसेल तर त्याला काढल्यावर ती थोडी तरी वाढायला हवी होती.

तिनं मामाची नोंद एकटीच उघडली. नाडी नाही, गिळणं नाही, श्वास नाही. रबर आणि प्लास्टिकची ठार शांतता. आणि तळाशी, भरत जाणारी आणि ओसरणारी, तीच.

"मग रक्त नाही," ती सावकाश म्हणाली. लगेच तिला हायसंही वाटलं. "यंत्राचीच घरघर आहे. विजेच्या तारांतून येत असणार. बघ, आणि मी डोक्यांना दोष देत होते!"

पुढचे दोन दिवस त्यांनी घरघर शोधण्यात घालवले. वीज तोडून बॅटरीवर घेतलं. लाट तशीच. ॲम्प्लिफायर बदलला. तशीच. दुसरी पट्टी, तिसरी पट्टी. मामाला काखेत धरून पाना गच्चीवर गेला, तिथून जिन्याखाली, तिथून रस्त्यापलीकडच्या बागेत. बाकावर मामाला बसवून तो शेजारी बसला, तेव्हा एक आजीबाई उठून दुसऱ्या बाकावर गेल्या. लाट तशीच.

यंत्राची घरघर असेल तर ती कशावरही दिसायला हवी. म्हणून ठिणगीनं पट्टी टेबलाला बांधली. काही नाही. भिंतीला, पाण्यानं भरलेल्या बादलीला, पानाच्या हेल्मेटला. काहीच नाही. सपाट रेघ.

"गोल काहीतरी हवं. डोक्याएवढं," ती म्हणाली आणि टेबलाखालून फुटबॉल काढला. बाबांच्या शाळेतला होता, निवृत्तीच्या दिवशी पोरांनी दिलेला. विचार करताना ती तो पायाखाली फिरवत असे. पट्टी त्याच्यावर ताणून बसवली.

सपाट रेघ.

५

"बिचारा," पाना म्हणाला. त्यानं खिशातून मार्कर काढला आणि फुटबॉलवर दोन डोळे काढले. नाक नाही, तोंड नाही, नुसते दोन काळे ठिपके आणि वर भुवयांसारख्या रेघा. "हा घे. मामाचा भाचा."

"पाना, मला खरंच वेळ नाही..."

ती बोलायची थांबली, कारण स्क्रीनवरची रेघ फुगायला लागली होती.

हळूच. अनोळखी घरात शिरताना कोणी पायरी चाचपतं तशी. भरली, ओसरली, पुन्हा भरली. आणि मग स्थिर झाली.

पाना हसत होता, पण हसू तोंडावरच राहून गेलं होतं. शेवटी त्यानं स्पिरिटचा बोळा घेतला आणि एक डोळा पुसला. लाट कमी झाली. दुसरा पुसला. लाट ओसरत गेली आणि रेघ सपाट झाली.

"शाईचा काहीतरी परिणाम," ठिणगी म्हणाली. "शाईत धातू असतो कधीकधी."

त्याच मार्करनं तिनं फुटबॉलवर एक मोठी फुली मारली. काही नाही. फुलीशेजारी दोन ठिपके काढले. रेघ फुगली.

"बरं," ती म्हणाली. तिचा आवाज तिला स्वतःलाच शिक्षिकेसारखा वाटला. "आता फिल्टर तपासू, म्हणजे ती उलटी लाट. तू घाल."

पानानं पट्टी घातली. फिल्टर बंद असताना त्याची लाट नेहमीएवढी होती. चालू केला, ती गेली. "आहाहा," पाना म्हणाला आणि खांदे सैल सोडले. "ते लोक बरोबर सांगत होते गं. मागे कोणी..." तो तिच्या मागे बघत होता. तिच्या खांद्यावरून, जरासं वर.

"काय आहे तिकडे?"

"कुठे काय?"

"मग बघतोस कशाला!"

"मी कुठे बघतोय?" पण नजर हलेना.

तिनं मागे वळून बघितलं. उंच खिडकी, फडताळ, वायरींची भेंडोळी. ती पुन्हा वळली तेव्हा दुसरी पट्टी अजून फुटबॉलवर होती आणि त्याची लाट मघापेक्षा मोठी दिसत होती. पानाचा फिल्टर बंद केला. फुटबॉलची लाट पूर्वीएवढी झाली. चालू केला. मोठी. तिनं हे पुन्हा पुन्हा केलं, बोट दुखेपर्यंत. ती लाट मरत नव्हती. पानाच्या मागून निघून सगळ्यात जवळच्या उघड्या डोक्याकडे जात होती, इतकंच.

"माझं बघ," ती म्हणाली.

"नको ना."

"बघ म्हणते ना!"

त्यानं फुटबॉलचे डोळे पुसले, स्वतःची पट्टी काढली आणि दुसरी तिच्या कानामागे बसवली. ती स्क्रीनकडे बघत राहिली. तिची लाट इतरांइतकी, ना कमी ना जास्त, दिसायला हवी होती.

ती दुप्पट होती.

"घरी बाबा पट्टी घालतात ना?" पानानं विचारलं.

"दिवसभर," ती म्हणाली. "आता आंघोळीलाच काढतात फक्त."

६

साहेबांच्या केबिनमध्ये ती नेहमीपेक्षा लवकर पेटली.

"सर, हे बाजारात आणता येणार नाही. आपण काहीतरी... आपण लोकांच्या मागचं काढून दुसऱ्यांच्या मागे लावतोय."

"काय काढून?"

"माहीत नाही."

"काय लावतोय?"

"तेच. तेच लावतोय, सर."

साहेबांनी चष्मा काढला. ते वाईट माणूस नव्हते, फक्त दमलेले होते. "फुटबॉलवर डोळे काढून केलेल्या प्रयोगावर मी कंपनी थांबवू?"

"मामावर पण आहे!"

"ठिणगी, कोणाला दुखतंय?"

तिनं मान चोळली.

"कोणी चक्कर येऊन पडलं? डोकं दुखलं? झोप गेली? उलट सगळे काढायला तयार नाहीत. आणि मला सांग, तुझे वडील अजून ती घालतात की नाही?"

"घालतात."

"मग तू त्यांच्याकडून काढून का घेतली नाहीस?"

याला तिच्याकडे उत्तर होतं, पण ते साहेबांना सांगण्यासारखं नव्हतं. कालच बाबांनी खाली जाऊन गल्लीतल्या मुलांना रांगेत उभं केलं होतं आणि खिडकीपर्यंत त्यांचा आवाज आला होता. तो आवाज. कित्येक वर्षांनी.

"पुढच्या आठवड्यापासून," साहेब म्हणाले, "ऑफिसात सगळे दिवसभर पट्टी घालतील. मी पण. आपला माल आधी आपण वापरायचा. काही वाईट असेल तर आपल्यालाच होईल."

ते वाक्य इतकं प्रामाणिक होतं की तिला टेबल उलथून टाकावंसं वाटलं.

ठरल्याप्रमाणे सोमवारी सगळ्यांनी पट्ट्या घातल्या. तिनं घातली नाही. कोणीतरी न घालता उरायला हवं, नाहीतर काय होतंय ते कळणार कोणाला, असं ती म्हणाली, आणि ते ऐकताना आपण मूर्ख आहोत हेही तिला कळलं.

ऑफिस इतकं छान कधीच नव्हतं. कोणी कोणावर खेकसत नव्हतं. खुर्ची सरकली तर दचकत नव्हतं. पाठीमागून कोणी हाक मारली तर लोक अलगद वळत. ठिणगीची मान मात्र वाकत चालली. बसली की पुढे झुकायची. जिन्यावर तिचं पाऊल एकदा वाजलं की लोखंड जरा जास्तच वेळ घुमत राहायचं. डॉक्टरांनी स्नायूचं मलम दिलं. ते तिनं इमानानं लावलं.

आठवड्याच्या मीटिंगला ती उभी राहून तक्ता समजावून सांगत होती. टेबलाभोवती सगळे बसले होते, पट्ट्या कानांमागे, चेहरे निवांत. आणि सगळे बघत होते तिच्या खांद्यांवरून मागे. एकाच जागी नव्हे. कोणी डाव्या खांद्यावरून, कोणी उजव्या, कोणी डोक्याच्या वरून. साहेबांची नजर तर पार मागच्या भिंतीपर्यंत गेली होती आणि तिथून हळूहळू परत येत होती, गर्दीच्या फोटोत ओळखीचा चेहरा शोधावा तशी.

"माझ्याकडे बघा ना कोणीतरी!" ती ओरडली.

सगळ्यांनी नम्रपणे तिच्याकडे बघितलं. क्षणभरच.

मीटिंगनंतर ती तडक पानाकडे गेली. "काढ ती."

"काढतो."

"आत्ता काढ."

पानानं हात कानामागे नेला. हात तिथेच राहिला. "माफ कर गं," तो म्हणाला. "फार हलकं वाटतं. तुला नाही कळायचं." आणि मग, अगदी हळू: "तू आज घरी चालत जा. रिक्षानं नको जाऊस. आणि बसनं पण नको."

"का?"

"दाटी होईल."

७

ती चालत घरी गेली. रागानं गेली. साहेबांचा राग, पानाचा राग, स्वतःच्या अकलेचा राग. हातात फोन होता. बाबांच्या पट्टीचा फिल्टर त्या फोनवरून बंद होत असे. एका बोटाचं काम. बाकीच्यांचं तिच्या हातात नव्हतं, पण हे होतं. गुदगुल्या परत येतील. बाबा पट्टी टेबलावर फेकतील आणि पुन्हा "हो हो" सुरू होईल. होऊ दे. खर्ज कापून बघू, डब्यातला आवाज तर डब्यातला, काहीतरी दुसरं शोधू, पण हे नाही. कोपऱ्यावर एक कुत्रं झोपलं होतं. ती जवळ आल्यावर ते उठलं आणि बाजूला झालं. ती पुढे गेली तरी ते परत येऊन पडलं नाही. उभंच राहिलं, कोणाची तरी वरात पूर्ण जाण्याची वाट बघत असल्यासारखं.

तिनं किल्लीनं दार उघडलं. दिवस अजून मावळला नव्हता, खोलीत भरपूर उजेड होता. बाबा खुर्चीत वर्तमानपत्र वाचत होते.

"आलीस?" त्यांनी कागदाआडून विचारलं. "दार लाव. डास येतात."

"बाबा, मी तुमची पट्टी जरा बंद..."

बाबांनी वर्तमानपत्र खाली केलं आणि ते चटकन उठून उभे राहिले. शाळा तपासायला कोणी आलं की उठत तसे. त्यांनी शर्ट खाली ओढून सारखा केला.

"अगं," ते हलक्या आवाजात म्हणाले, "एवढ्या जणांना घेऊन यायचं होतं तर आधी सांगायचं नाही का?"

ती दारातच थांबली. फोन हातात. बोट बटणावर. मागे जिना होता आणि जिन्यावर काही आवाज नव्हता. मानेवरचे केस मात्र एकेक करून उभे राहत होते, आणि ते वाऱ्यानं नव्हतं.

"बाबा, कोणी नाही."

"हळू बोल. ऐकतात ते." त्यांची नजर तिच्या खांद्यावरून दरवाजात, दरवाजातून जिन्यावर, जिन्यावरून खाली सरकत गेली. ती बराच वेळ सरकत होती. मग परत आली आणि तिच्या अगदी जवळ, डाव्या कानाशी थांबली. बाबांचा चेहरा सैल झाला. "हा एक मात्र माझ्या ओळखीचा वाटतो. कुठे बघितलंय याला? नाही, बघितलं नाही. पण हा उभा कसा राहतो ते मला माहीत आहे."

"बाबा, मी बंद करते. एक सेकंद लागेल फक्त."

"नको."

ते इतक्या लगेच म्हणाले की तिनं मान वर केली. मैदान थांबवणारा आवाज होता तो. पण डोळ्यांत पाणी होतं.

"नको गं, बाळा," ते म्हणाले. "जन्मभर मला वाटायचं की मागे वळून बघावं. वर्गात, मैदानात, तुझी आई गेली त्या रात्री. आता वाटत नाही. मी पहिल्यांदाच समोर बघतोय. तुझा आवाज ऐकतोय. ते पुन्हा माझ्याकडे पाठवू नकोस."

तिचं बोट बटणावर होतं. फक्त टेकवायचं होतं. तिला आठवलं, की इतके महिने ती हेच मागत होती: त्यांना बरं वाटावं आणि त्यांनी पट्टी काढू नये. शब्दन्‌शब्द हेच.

तिनं फोन खिशात ठेवला.

"मग आत तरी घे त्यांना," बाबा म्हणाले. त्यांचा सूर घरातला झाला होता, थोडा वैतागलेलाही. "दारात काय उभं करून ठेवलंस सगळ्यांना? खुर्च्या आण."

घरात खुर्च्या चारच होत्या. तिनं त्या एकेक करून आणल्या आणि भिंतीला लावून ओळीनं मांडल्या. मागे बघितलं नाही. दर वेळी खोली ओलांडताना तिला वाटलं की आपल्यासाठी वाट होतेय.

"एवढ्यांनी काय होणार आहे?" बाबा पुटपुटले. "थांब, आतलं स्टूल आणतो."

खोली रिकामी होती. खिडकीतून दारापर्यंत सरळ उजेड पडला होता आणि त्यात धूळ तरंगत होती. त्या रिकाम्या खोलीतून बाबा आतल्या दाराकडे निघाले ते तिरके होऊन, अंग चोरून, एक हात छातीशी आणि दुसरा पुढे धरून, पावला-पावलाला थांबत.

"जरा सरकता का," ते म्हणत होते. "हां. तुम्ही पण. आलोच मी. बसा, बसा."

धूळ बाबांच्या चालण्यानं हलली नाही. हलली ती ठिणगीच्या बाजूची, आणि तिच्याकडे सरकली.